दाराजवळचा वर्ग

१२ फेब्रुवारी २०२६, गुरुवार. सकाळी गारवा, दुपारी पंखा लावावा लागला. द्वारकाबाई कामाला उशिरा आली, नातीला ताप आहे. ओला हरभरा स्वस्त झाला, अर्धा सोलून ठेवला. दुपारच्या चहाच्या वेळी वन्सं घरात नव्हत्या. दिवेलागणीच्या आत एका रिक्षावाल्याने आणून सोडलं. हृषीकेश रविवारी येतो आहे. खुर्ची दाराच्या बाहेर होती.

यशोधराबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. हृषीकेशने वाचलं असतं तर त्याला त्यातून काही कळलं नसतं. त्यांना मात्र संक्रांतीपासून ठाऊक होतं की हे वाक्य एके दिवशी लिहावं लागणार.

वन्सं म्हणजे सुमेधाताई, यशोधराबाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. या भावंडांचे आजोबा होळकरांच्या दप्तरात कारकून होते, आणि जुनी इंदूर भागातलं हे घर तेव्हापासूनचं. सुमेधाताईंनी लग्न केलं नाही. शिकवण्याचं प्रशिक्षण पुरं करून त्या सांवेरकडच्या एका खेड्यातल्या शाळेत गेल्या. तिथे खोली एक, बाई एक आणि वर्ग पहिली ते पाचवी. त्यांनी मोठ्या मुलांना खिडकीकडे बसवलं, कारण त्यांना लिहायला उजेड लागतो. लहानांना दाराकडे बसवलं, कारण त्यांना सारखं बाहेर जायचं असतं. आणि आपली खुर्ची त्या दिवसभर खिडकीपासून दारापर्यंत ओढत न्यायच्या. पुढे त्या इंदूरला मोठ्या शाळेत आल्या, मग नव्या शिक्षकांना शिकवायला लागल्या. कोणत्या वयाच्या मुलाला काय शिकवायचं हे ठरवणाऱ्या समित्यांवरही त्यांना बोलावणं यायचं. पण बोलायला उभ्या राहिल्या की उदाहरण सांवेरच्या खोलीचंच द्यायच्या.

"मूल जिना चढत नाही," त्या म्हणायच्या. "विहिरीच्या काठाने फिरतं. तीच विहीर, दर खेपेला जरा जास्त आत दिसते."

पाण्याचं उदाहरण त्यांच्या आवडीचं होतं. लहान मुलाला पाणी म्हणजे हात बुडवायची गोष्ट. तिसरीत गेलं की ते विचारतं, हे येतं कुठून. मग विहीर, तळं, नळ. सहावीत विषय वेगळे होतात, तेव्हा तेच पाणी विज्ञानात वाफ होतं आणि भूगोलात नदी. नववी-दहावीला धरण, आणि धरणाखाली गेलेली गावं. पाणी एकच, ते परत परत भेटलं पाहिजे, आणि दर वेळी मुलाला वाटलं पाहिजे की हे आपल्या ओळखीचं आहे.

यशोधराबाई कॉन्व्हेंटात शिकलेल्या. नवी नवरी म्हणून या घरात आल्या तेव्हा नणंदेने त्यांची पहिली परीक्षा घेतली होती.

"वहिनी, शाळेत पहिली नदी कोणती शिकलात?"

"थेम्स."

"आणि आपल्या घराजवळून वाहते ती?"

"ती कुठे पुस्तकात होती?"

"तुमच्या सिस्टर लोकांनी तुम्हाला उलटं टांगून शिकवलंय," सुमेधाताई म्हणाल्या. "आधी घर, मग गल्ली, मग गाव, मग देश. थेम्सला काय घाई आहे, ती कुठे जातेय?"

यशोधराबाईंचे यजमान श्रीकृष्णराव तेव्हा जिन्यात बसून हसत होते. ते हसणं जाऊनही आता बरीच वर्षं झाली. घरात दोघीच उरल्या. मुलगा हृषीकेश पुण्याला.

सुमेधाताई विसरायला लागल्या त्याला डॉक्टरांनी नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि हे पुढे वाढत जाईल असंही सांगितलं. दिवाळीनंतर एका दुपारी त्यांनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढत पुढच्या खोलीत नेली, खिडकीजवळ ठेवली आणि रिकाम्या खोलीत हजेरी घेतली. नावं घेत गेल्या, मध्ये थांबत गेल्या, मान डोलवत गेल्या. मग शिकवायला लागल्या. सांवेरला पाचवीपर्यंतच वर्ग होते, पण या खोलीत त्यांनी सगळे बसवले होते, दहावीचे खिडकीला आणि पहिलीचे दाराला.

यशोधराबाईंना आधी बरंच वाटलं. स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता त्या राज्यघटना ऐकत होत्या, धरणाच्या भिंतीवर पाण्याचा दाब तळाला जास्त का असतो ते ऐकत होत्या. आवाज पूर्वीसारखा खणखणीत. जेवताना ज्या बाईला वरणाला वरण म्हणायचं सुचत नव्हतं, ती दुपारी एकही शब्द अडखळत नव्हती.

नाताळच्या सुमाराला खुर्ची खिडकीपासून सरकली. आता सहावी-सातवीचे धडे ऐकू येऊ लागले. वाफ, ढग, नदीचं खोरं. आणि त्याच आठवड्यात सुमेधाताईंनी वर्तमानपत्र उलटं धरून खाली ठेवलं. मतदान म्हणजे काय, सरकार म्हणजे काय, हे सगळं गेलं होतं. यशोधराबाईंनी तेव्हा दोन्हींचा संबंध जोडला नाही. पण संक्रांतीच्या आधी खुर्ची खोलीच्या मधोमध आली, धडा विहिरीवर आणि तळ्यावर आला, आणि एका सकाळी चहाच्या भांड्याचं झाकण वाफेने थडथडलं तशा सुमेधाताई ओट्यापासून दचकून मागे सरल्या.

"आत कोण आहे, वहिनी?"

"कुणी नाही, वन्सं. पाणी उकळतंय."

"मग ते झाकण का वाजवतंय?"

तेव्हा कुठे यशोधराबाईंनी संबंध जोडला. खुर्ची जिथून उठते, तिथलं सगळं मागे विझत येतं. खिडकीचा वर्ग सुटला तेव्हा देश गेला. मधला सुटतो आहे तशी नदी, वाफ, नकाशा जातो आहे. वन्सं शिकवत नव्हत्या. एकेका वर्गाचा निरोप घेत त्या दाराकडे चालल्या होत्या.

मग त्यांनी जे केलं ते मास्तरांच्या घरातच सुचावं. या घरात कुणी काही विसरलं की त्यावर एकच उपाय असायचा, उजळणी. त्यांनी माळ्यावरची जुनी पाठ्यपुस्तकं काढली, खुर्ची उचलून परत खिडकीशी नेली, सुमेधाताईंना तिच्यावर बसवलं आणि आठवीपासून विचारायला सुरुवात केली. मध्य प्रदेशातल्या नद्या सांगा. पाण्याच्या तीन अवस्था सांगा. सोप्या आहेत, वन्सं, तुम्हीच मला शिकवल्यात. सुमेधाताईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर करून, छडीसाठी.

यशोधराबाईंनी पुस्तकं त्याच संध्याकाळी माळ्यावर टाकली. त्यानंतर त्या खुर्चीला हात लावत नसत. फक्त रोज दुपारी बघत, आज कुठवर आली. तिसरी, दुसरी. वाचन गेलं. गल्लीच्या पलीकडे काय आहे असं सुमेधाताई एकदा विचारून गेल्या, तेव्हा गावही गेलं. फेब्रुवारी लागला तेव्हा खुर्ची उंबऱ्याला टेकली होती आणि पहिलीचा वर्ग चालू होता. बोट धरून अक्षर गिरवायचं, चिंचोके मोजायचे.

आणि पहिलीच्या खाली काही नव्हतं. सुमेधाताईंच्या नोकरीच्या काळातला अभ्यासक्रम पहिलीपासून सुरू व्हायचा. त्याआधीचं मूल त्यांच्या तक्त्यात नव्हतंच.

गुरुवारी खुर्ची उंबऱ्याबाहेर होती आणि खोली रिकामी होती.

"अम्माजी, ये बहनजी आपकी हैं?" रिक्षावाला म्हणाला. "सांवेर की बस पूछ रही थीं. बोलीं, बच्चे आ गए होंगे, चाबी मेरे पास है." सुमेधाताईंच्या मुठीत कोठीघराची किल्ली होती. ती सोडवून घ्यायला दोघांना वेळ लागला.

फोनवर हृषीकेश चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"आई, आता बस. बेटम्याच्या वाटेवरची ती वृद्धांना सांभाळणारी जागा मी मागेच बघून ठेवलीय. बगीचा आहे, चोवीस तास नर्स आहे, गेट बंद असतं."

"गेट बंद असतं," यशोधराबाई म्हणाल्या.

"तेच तर हवंय ना आपल्याला. आज रिक्षावाला भला निघाला. उद्या ट्रकखाली आली तर? तिची बॅग भरून ठेव. रविवारी येतो, सोमवारी सोडून येऊ."

त्याचं चुकत नव्हतं. त्यांनी बॅग काढली, वन्संची लुगडी घडी करून आत ठेवली, स्वेटर ठेवला. रुमाल ठेवताना मात्र हात थांबला. अनोळखी जागेत वन्संना खिडकी कोणती आणि दार कोणतं हे कसं कळणार, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं.

शुक्रवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरची भाडेकरू रुची कढीपत्ता मागायला आली. रुची एका शाळेत शिकवायची. तिच्या बगलेत रंगीत कागदांचं भेंडोळं होतं.

"काकू, जीव घेतलाय या लोकांनी. शाळेत बालवाटिका उघडतायत, पूरा तक्ता मला बनवायला सांगितलाय. बघा ना, बरोबर दिसतोय का?"

तिने तो ओट्यावर पसरला. यशोधराबाईंनी चष्मा लावला. त्यांना सवयीने वाटलं की वरून खाली वाचावं, मग त्या खालून वर वाचायला लागल्या आणि तिथेच अडकल्या.

"हे पहिलीच्या खाली काय आहे?"

"तेच तर नवीन आहे. पहले दहा आणि दोन असं होतं ना, आता पाच, तीन, तीन, चार. वरचे चार म्हणजे नववी ते बारावी. मधले तीन सहावी ते आठवी, तिथे विषय वेगळे होतात. त्याच्या खाली तिसरी ते पाचवी. आणि ही पहिली पाच वर्षं पायाची. पहिली-दुसरी आहेच, पण त्याच्याही खाली तीन वर्षं जोडलीत. तीन वर्षांच्या मुलापासून."

"आणि तिथे विषय कोणते?"

"विषय कसले, काकू. खेळायचं. माती, पाणी, दाणे, गोष्टी, घरची भाषा. पुस्तक नाही, परीक्षा नाही. आमच्या मॅडमना तेच तर पटत नाही, म्हणतात फीस घ्यायची आणि दाणे निवडायला लावायचं?"

यशोधराबाईंनी त्या खालच्या तीन चौकोनांवर बोट फिरवलं. कागदावर तो रिकामा पिवळा रंग होता, रुचीने अजून काही भरलं नव्हतं. उंबऱ्याबाहेर अंधार आहे असं समजावं आणि तिथे कुणीतरी आणखी तीन पायऱ्या बांधून ठेवलेल्या पायाला लागाव्यात, तसं झालं.

"आणि या तीनच्याही खाली?"

"त्याच्या खाली शाळा नाही. शून्य ते तीन घर. तिथे घरच असतं, असंच म्हटलंय." रुचीने कढीपत्ता उचलला. "काकू, तुमच्या डोळ्यांत पाणी का आलं?"

"हरभरा सोलत होते दुपारी," यशोधराबाई म्हणाल्या. रुचीला ते उत्तर कळलं नाही, पण तिने पुढे विचारलं नाही.

शनिवारी दुपारी सुमेधाताई पुन्हा खुर्ची ओढत उंबऱ्याबाहेर गेल्या. बसल्या नाहीत. कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. शाळा सुटल्यावर सगळी मुलं निघून गेलीत आणि बाईंना अजून कुलूप लावायचंय, तसा त्यांचा चेहरा होता. यशोधराबाईंनी खोलीच्या मधोमध सतरंजी अंथरली, गुडघ्यांना सांभाळत खाली बसल्या आणि ताटात राजमा आणि हरभरा एकत्र ओतून निवडायला लागल्या. शेजारी पाण्याचं पातेलं आणि एक डाव ठेवला. राजमा इकडे, हरभरा तिकडे. मुद्दाम मोठ्याने मोजू लागल्या.

"असं नाही," दारातून आवाज आला.

सुमेधाताई आत आल्या. खुर्ची बाहेरच राहिली. सतरंजीवर बसल्या आणि त्यांनी यशोधराबाईंचा हात बाजूला सारला.

"आधी नुसतं हाताळू द्यायचं. मोजायचं मागून."

त्यांनी दोन्ही हात ताटात घातले आणि दाणे बोटांमधून गळू दिले. परत घेतले, परत गळू दिले. मग पाण्यात हात बुडवला. चेहऱ्यावरची कुलूप लावायची काळजी गेली. बाई शिकवत होती की मूल खेळत होतं, हे सांगता आलं नसतं.

तेवढ्यात सुमेधाताईंनी पदराला हात पुसले आणि हजेरी घेतली. इतके दिवस ही हजेरी लांबलचक असायची. वर्गागणिक ती आखूड होत आली होती. आज एकच नाव होतं.

"श्रीकृष्ण."

यशोधराबाईंच्या हातातला दाणा हातात राहिला.

लहानपणी या दोघा भावंडांनी याच खोलीत शाळा-शाळा खेळलेली होती. बहीण बाई, भाऊ एकटा विद्यार्थी. हे श्रीकृष्णरावांनीच त्यांना लग्नानंतर सांगितलं होतं. पहिलीच्याही खालच्या वर्गात आणखी कुणी असणारच नव्हतं.

"श्रीकृष्ण," सुमेधाताई पुन्हा म्हणाल्या आणि थांबल्या. आजवरच्या प्रत्येक नावाला थोडं थांबून त्या मान डोलवायच्या, म्हणजे उत्तर आलेलं असायचं. आज मान हलली नाही. यशोधराबाईंनी तोंड उघडलं, पण त्या नावाला आपण कसं उत्तर द्यायचं? विधवेने आपल्याच नवऱ्याची हजेरी लावायची?

सुमेधाताई उठल्या आणि दाराकडे गेल्या.

"कुठे निघालात, वन्सं?"

"आला नाही ना तो. बघून येते."

यशोधराबाईंनी त्यांना कशीबशी धरून आत आणलं. आता त्यांना कळलं की नुसत्या पायऱ्या असून भागत नाही. हजेरी लागली नाही तर बाई वर्गात बसत नाही. सोमवारी बेटम्याच्या त्या बंद गेटशीही ही बाई उभी राहणार, भावाला शोधायला, आणि तिथल्या नर्सला ती कुणाला शोधतेय हे कळायचं नाही.

रविवारी महाशिवरात्र होती. हृषीकेश सकाळच्या विमानाने आला. आत्याने त्याच्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला, परक्या पुरुषासमोर करतात तसा. त्याने ते पाहिलं आणि तिची भरलेली बॅग उचलून दाराशी ठेवली.

"आई, तूही बघतेस ना."

यशोधराबाईंनी त्याच्यासमोर रुचीकडून मागून घेतलेला तक्ता ठेवला. खुर्चीचं सांगितलं, खालच्या तीन वर्षांचं सांगितलं. "आणि त्याच्या खाली घर लिहिलंय, हृषी. वन्सं आता तिथे चालल्यात. अशा वेळी त्यांना घरातून काढायचं?"

हृषीकेशने तक्ता नीट वाचला. तो नीट वाचणारा मुलगा होता.

"आई, हा शाळेचा तक्ता आहे. डॉक्टरचा कागद नाही."

"डॉक्टरच्या कागदावर पुढे काय ते लिहिलेलं नाही. यावर आहे."

"आणि उद्या ती परत रस्त्यावर गेली तर यावर लिहिलंय का काय करायचं?"

साबुदाणा भिजला होता. त्या खिचडी टाकायला आत गेल्या. जिरं तडतडलं, मिरची पडली, आणि पुढच्या खोलीत सतरंजीवर ताट सरकल्याचा आवाज आला. दाणे गळल्याचा.

"श्रीकृष्ण."

यशोधराबाईंनी गॅस बारीक केला. जरा वेळाने पुन्हा तेच नाव आलं, या वेळी काळजीने. आता उठतील, त्यांना वाटलं. आता बांगड्या वाजतील आणि कडी निघेल.

"हजर."

तो आवाज त्यांना पन्नास माणसांत ओळखू आला असता. श्रीकृष्णराव फिरतीहून परतल्यावर जिन्यातून यायचा तो, किंचित खोकून मग लागणारा. पुढची खोली चार पावलांवर होती. त्या गेल्या नाहीत. गेल्या असत्या तर तो आवाज मुलाचा झाला असता.

"उशीर का झाला?" सुमेधाताईंनी विचारलं.

"चुकलं, बाई."

"बस. दार लोटून घे, वारं येतंय."

कडी लागल्याचा आवाज आला. मग दाणे पुन्हा गळायला लागले, आता दोन माणसांच्या हातांतून.

खिचडी तळाला लागली होती. जेवताना हृषीकेशने ती मुकाट्याने खाल्ली. सुमेधाताई सतरंजीवरच झोपी गेल्या होत्या, ओल्या हाताची मूठ उशाशी घेऊन.

"आई," तो म्हणाला, "बाबा आत्याला बाई म्हणायचे?"

"शाळा खेळताना म्हणायचे. तुला कुणी सांगितलं?"

त्याने घास खाली ठेवला.

"कुणीच नाही," तो म्हणाला.

वरच्या मजल्यावर रुची कपाट सरकवत होती. शेवटी त्याने फोन उचलला, गॅलरीत गेला आणि बेटम्याच्या त्या माणसाशी बोलला. "नहीं भिया, अभी नहीं ला रहे. हाँ, जगह किसी और को दे दो." आत येऊन त्याने दाराशी ठेवलेली बॅग परत वन्संच्या खोलीत नेली. बाहेरची खुर्ची आणून टेबलाला लावली.

"मी बुधवारपर्यंत आहे. नंतर रोज दुपारी हजेरीच्या वेळी फोन करीन," तो म्हणाला. "स्पीकर लावून तिच्याजवळ ठेव. आणि आतून वरची कडी बसवून घेऊ, तिचा हात पोचणार नाही अशी."

"पुढे?"

"पुढचं तूच दाखवलंस ना. त्याच्या खाली घर."

त्या संध्याकाळी यशोधराबाईंनी रोजच्याप्रमाणे वही उघडली. शिवरात्र, हृषीकेश आला, खिचडी जरा करपली, वन्सं दुपारभर शांत झोपल्या. आवाजाबद्दल काय लिहावं याचा त्यांनी बराच विचार केला आणि काहीच लिहिलं नाही. मग खाली एक ओळ घातली. उद्या नळाला नर्मदेचं पाणी यायचं, पिंप घासून पालथं ठेवलं.